अडीच गाणी

१२ जानेवारी, रविवार

आज दवाखान्याच्या वरच्या खोलीत चांगलीच जुंपली. दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण जमतो, एखादा मराठी इंडी, म्हणजे स्वतंत्रपणे काढलेला, अल्बम ऐकतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत एकमेकांचं डोकं खातो. सुनीती आमच्या या उद्योगाला 'रिकामटेकड्यांची ओपीडी' म्हणते. बायकोने म्हटलं तर म्हणू दे. आठवडाभर लोकांच्या किडलेल्या दाढा बघणाऱ्या माणसाच्या कानावर काहीतरी चांगलं पडायला हवं.

आज वाद होता तो आपल्याच भागातल्या दोन अल्बमांचा. नेरळच्या नव्या सोसायट्यांमधल्या चार मुलांचा बँड आहे, 'स्टिल्ट पार्किंग'. त्यांचा 'तिसऱ्या मजल्यावरून' आला. त्याच आठवड्यात भिसेगावच्या प्रबुद्धचा 'दुसरी पाळी' आला. हर्षला तिच्या नेरळच्या कॅफेत बावीस फेब्रुवारीला एक संध्याकाळ ठेवणार आहे. एकच अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, वाजवणारे समोर. कुठला घ्यायचा हे तिचं ठरत नाही. ती म्हणाली, केयूर, तू तुझ्या सदरात दोन्हींवर लिही, मग बघते.

मी बैठकीत माझी व्याख्या मांडली. इंडी म्हणजे एकट्या माणसाचं, त्याच्या खोलीतलं, कुणाच्याही वतीने न बोलणारं गाणं. 'स्टिल्ट पार्किंग'चा मुलगा बाल्कनीत वाळत घातलेल्या टॉवेलवर पाच मिनिटं गातो, ते इंडी. सुमितला हे पटलं नाही. सुमित खालापूरचा, रसायनीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. तो म्हणाला, "टॉवेलवर गायलं की इंडी होतं काय, डॉक्टर? त्या प्रबुद्धनं कंप्रेसरचा आवाज ठेक्याला घेतलाय. असं कुणी केलंय इकडं?" शब्दांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणे शब्द मी ऐकतच नाय, मी आवाज ऐकतो. आता अशा माणसाशी काय बोलणार.

मी 'दुसरी पाळी' अजून ऐकलेला नव्हता, पण ते बोललो नाही. प्रबुद्धला मी ओळखतो, जयंतीला विहारासमोर गाताना ऐकलंय. म्हटलं, त्याचं चांगलंच असणार, पण ते चळवळीचं गाणं असणार, त्याचा कप्पा वेगळा. अपेक्षा समोरच बसली होती. ती प्रबुद्धची मोठी बहीण, गणिताचे क्लास घेते आणि आमच्यात सगळ्यात तयार कान तिचा. ती काहीच बोलली नाही, म्हणजे तिला पटलं असावं.

१६ जानेवारी, गुरुवार

खालापूरला शाळेत दातांचं शिबिर होतं. जाताना गाडीत 'दुसरी पाळी' लावला. एकूण सात गाणी आहेत.

पहिल्यात 'दोरीवर निळं वाळतंय, दारात निळं हलतंय' अशी ओळ येते. दुसऱ्यात 'बाबा, तुमची पाळी सुटली, आता माझी लागली'. माझ्या डोक्यात लेख आपोआप उतरायला लागला. निळं म्हणजे ध्वज. बाबा म्हणजे बाबासाहेब. पाळी म्हणजे एका पिढीने दुसरीच्या खांद्यावर दिलेली जबाबदारी. तिसऱ्या गाण्यात भोंगा वाजतो, तो मिरवणुकीतला. काय बांधणी आहे पोराची! शिबिराच्या गेटपाशी पोचेपर्यंत शीर्षकसुद्धा सुचलं होतं.

तिसरं गाणं अर्ध्यावर असताना फोन वाजला आणि पडद्यावर 'बाबा' आलं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत, येताना आण म्हणाले. वकिली सोडून दहा वर्षं झाली, पण बाबांना प्रत्येक गोष्ट आजच्या तारखेलाच हवी असते. मग गाणं राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी लिहायला बसलो आणि तासाभरात दोन्ही अल्बमांवरचा लेख हातावेगळा केला. उरलेली गाणी ऐकायला हवीत खरं तर. पण सगळं इतकं स्पष्ट आहे की घाई नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

साप्ताहिक 'उल्हासतीर'मध्ये लेख आला. नेहमीप्रमाणे 'कानसेन' या नावाने. सोबत प्रबुद्धचा गिटारवाला फोटो मोठा लावलाय. माझं आवडतं वाक्य त्यांनी चौकटीत घेतलं: "'दुसरी पाळी' ही बाबासाहेबांना घातलेली खणखणीत साद आहे. इंडीच्या खासगी एकांतात तिला कोंबणं हा तिच्यावरच अन्याय ठरेल." वाक्य जमलंय, हे मी आपलं इथे म्हणून घेतो.

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, मोठ्या मनाने लिहिलंस. मला ते फार बरं वाटलं. कौतुक तर केलंच आहे मी, उगाच कुणी काही म्हणायला नको.

सुमितचा एकच मेसेज आला, 'पूर्ण ऐकलात ना?' मी अंगठा पाठवला. अपेक्षाने जोडलेले हात पाठवले.

२ फेब्रुवारी, रविवार

हर्षलाने 'स्टिल्ट पार्किंग'ला घेतलं. प्रबुद्धला तिने स्वतः फोन करून सांगितलं की लेख वाचला, तुमचं काम मोठं आहे, तुम्हाला आपण एप्रिलमध्ये जयंतीच्या आठवड्यात बोलावू. मला म्हणाली, तुझ्यामुळे निर्णय सोपा झाला. पोस्टर छापायला गेलं.

आज अपेक्षा आली नाही. दहावीचा हंगाम आहे, क्लासची गडबड असणार. सुमित आला होता, पण चहा न घेताच गेला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

दुपारी अपेक्षा दवाखान्यात आली. बरोबर साठीपुढचा, किडकिडीत, स्वच्छ पांढरा सदरा घातलेला माणूस. ती म्हणाली, "हे बाबा. दाढ दुखतेय त्यांची. ऐकू येत नाही, लिहून दाखवावं लागतं."

हे बाबा. एवढं सांगून ती माझ्याकडे बघत राहिली. मी त्यांना खुर्चीत बसवलं तरी डोक्यात काही शिरलं नव्हतं. औषधाच्या पॅडवर लिहिलं, किती दिवस दुखतंय? ते मोठ्या आवाजात म्हणाले, म्हैना झाला. काम काय करायचात, असं विचारलं तर म्हणाले, रसायनीला कंपनीत व्हतो, कंप्रेसरवर, दुसऱ्या पाळीला. तिकडंच कान गेले.

दुसऱ्या पाळीला. अल्बमचं नाव मला तेव्हा आठवलं.

एक्स-रे काढला. रूट कॅनॉल करावं लागेल, तीन-चार गुरुवार यावं लागेल, असं लिहून दिलं. उठताना त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी काढली. 'उल्हासतीर'चं कात्रण. चौकटीतल्या वाक्याखाली पेनाने रेघ मारलेली.

"माजा पोरगा ह्यो," ते म्हणाले. "बाबासायबांवर गातो. मला ऐकू येत नाय, पन वाचलं. कोन कानसेन हाय, लई चांगलं लिवलंय त्यानं. तुमी वळखता का?"

कानसेन कोण हे अपेक्षाला माहीत आहे. ती भिंतीवरचा दातांचा तक्ता बघत होती. मी मान हलवली, हो की नाही ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी कात्रण परत घडीवर घडी घालून खिशात ठेवलं आणि गेले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी सातही गाणी ऐकली. दोनदा.

चौथ्या गाण्याचं नाव 'डबा'. बाबा डबा विसरतात आणि मुलगा तो घेऊन चारफाट्याला कंपनीच्या बसमागे पळतो. पाचव्यात आई निळा युनिफॉर्म धुते, त्याला कितीही धुतलं तरी वास येतो. दोरीवर वाळणारं निळं म्हणजे तो युनिफॉर्म. भोंगा म्हणजे पाळीचा भोंगा. सहाव्यात बाबांचे कान हळूहळू जातात, त्यांना घर ऐकू येईनासं होतं, आणि मुलगा त्यांच्याशी बोलायचं बंद करतो, कारण ओरडून प्रेमाचं काही बोलता येत नाही. सातव्यात मुलगा त्याच कंपनीत लागतो.

एका मुलाने आपल्या बापावर सात गाणी केली. याहून खासगी काय असतं? आणि मी त्याला लिहून कळवलं की खासगी एकांत तुझा नव्हे.

बाबा. हा शब्द मी रोज वीस वेळा उच्चारतो. ते गाणं ऐकत असताना माझ्याच बाबांचा फोन आला होता! 'स्टिल्ट पार्किंग'च्या मुलाने 'बाबा' म्हटलं असतं तर मला त्याचा बापच दिसला असता. प्रबुद्धने म्हटल्यावर नाही दिसला. मी गाणं ऐकलं नाही, त्याचं नाव ऐकलं, भिसेगावची ती गल्ली ऐकली. आणि वर मोठ्या मनाने लिहिलं. लाज वाटते. इथे दुसरा शब्द शोधत बसणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बैठक रद्द केली आणि अपेक्षाला फोन केला. माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, त्या रविवारी तुम्ही कप्प्याबद्दल बोलत होतात तेव्हाच मला कळलं होतं की तुम्ही ऐकलेलं नाही. मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "भावाची बाजू घेते असं झालं असतं. आणि दरवेळी आम्हीच का सांगायचं?"

मग तिने पुढचं सांगितलं. निवड झाली असती तर हर्षलाच्या संध्याकाळी प्रबुद्ध मागे पडदा लावणार होता. गाणं चालू असताना शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसणार होते. बाबांना पहिल्या रांगेत बसवायचं ठरलं होतं. त्यांना गाणी कशावर आहेत हे घरात कुणी सांगितलेलं नव्हतं, ते तिथे वाचणार होते.

हर्षलाला लगेच फोन लावला. माझी चूक झाली, लेख चुकीचा आहे, असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाली, पण पोस्टर लागलीत, मुलांनी तालमी सुरू केल्यात, आता बदलता येणार नाही. तिची चूक नाही. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच केलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अपेक्षाच्या बाबांची, सोमाकाकांची, दाढेसाठी दुसरी खेप. अपेक्षाने त्यांना सोडलं आणि क्लासला गेली. काल ठरवलं होतं की आज पॅडवर लिहायचं: कानसेन मी आहे, ती गाणी तुमच्यावर आहेत, मी चुकीचं लिहिलं.

दाढेच्या मुळातल्या नळ्या साफ केल्या, औषध भरलं. त्यांनी गाल चोळत विचारलं, झालं का? मी पॅड पुढे ओढलं, पेन उघडलं. ते वाचायला वाकले. खिशातून कात्रणाचं टोक दिसत होतं. मी लिहिलं, 'दोन तास काही खाऊ नका.'

ते "बराय" म्हणाले आणि हात जोडून गेले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

'उल्हासतीर'मध्ये माझा खुलासा आला, आतल्या पानावर, दोन ओळींचा. 'दुसरी पाळी' या अल्बमविषयीच्या लेखात काही शब्दांचा अर्थ वेगळा घेतला गेला, त्याबद्दल दिलगिरी. खाली कानसेन.

सुमितने त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'कुणाकडून घेतला गेला?' छापायला देताना त्या वाक्यातून मी स्वतःला काढून घेतलं, हे मला कळत होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रबुद्धला दुपारी चारफाट्यावर गाठलं. कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता, अंगात निळा युनिफॉर्म. त्याच्या समोर उभं राहून 'निळं म्हणजे ध्वज' हे माझं वाक्य मला आठवलं आणि तिथून पळून जावंसं वाटलं.

मी माफी मागितली. त्याने मध्येच थांबवलं.

"दादा, भीमगीत म्हणालात त्याचा राग नाय. मी गातो ती, आणि चांगली गातो. त्यात कमीपणा कसला? पण ही बाबांची होती."

मग घरात खरं सांगून का टाकत नाहीस, असं मी विचारलं. इतका मूर्ख प्रश्न मी बऱ्याच वर्षांत विचारला नसेल. तो म्हणाला, "आता काय सांगू? पोरगा बाबासाहेबांवर गातो म्हणून ते गल्लीभर कात्रण दाखवत फिरले. आता त्यांना म्हणू, बाबासाहेब नाय, तुमीच? ते म्हणतील, त्यांना काढून मला कशाला बसवलंस. त्यांना लाज वाटंल."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी नुसती संध्याकाळ हिरावली नव्हती, त्या माणसाला पोराच्या गाण्यातल्या त्याच्या जागेवर बसणंसुद्धा अवघड करून ठेवलं होतं. मी म्हटलं, मी सातही गाण्यांचे शब्द लिहून काढतो आणि त्यांना देतो, सगळं समजावून सांगतो.

"तुमी नका लिहू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. बस आली, लोक चढायला लागले. पायरीवर पाय ठेवून त्याने विचारलं की बाबांच्या दाढेची पुढची तारीख गुरुवारचीच ना, आणि मग म्हणाला, मी लिहितो. मीच येतो त्यांना घेऊन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुनीतीला सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "तुला माफी हवीय की त्यांना गाणी मिळायला हवीत?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, मग उद्या दुसरं झालं तरी पहिलं मागू नकोस.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रबुद्ध सकाळीच काकांना घेऊन आला. हातात शाळेची असते तशी दोनशे पानी वही. मी दाढ सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि ते भिनेपर्यंत थांबावं लागतं तेवढ्यात त्याने वही त्यांच्या मांडीवर ठेवली. मग तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

काकांनी चष्मा लावला. ओठ हलवत, ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. पहिलं गाणं, मग दुसरं. बाहेर दोन पेशंट बसले होते, मी त्यांना अर्ध्या तासाने या म्हणून सांगितलं. 'डबा'च्या पानावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. त्यांनी मान वर करून प्रबुद्धच्या पाठीकडे बघितलं आणि परत वहीत बघितलं. सुन्न झालेल्या ओठामुळे त्यांना लाळ आवरत नव्हती. मी कापूस दिला, तो त्यांनी हातातच धरला.

सातवं संपल्यावर त्यांनी वही मिटली नाही. खिशातून कात्रण काढलं, उलगडलं, वहीशेजारी ठेवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. मग मला विचारलं, जड जिभेने, पण अगदी सरळ:

"डाक्टर, यात बाबासायब कुटं हायेत?"

प्रबुद्ध वळला नाही. मी पॅड घेतलं. लिहिलं: 'नाहीत. ही तुमची गाणी आहेत. कानसेन मीच. मी सातातली अडीच गाणी ऐकली आणि नाव बघून उरलेलं ठरवलं.' शेवटचं वाक्य टाळता आलं असतं, पण लिहिलं. त्या खुलाशासारखं करायचं नव्हतं.

त्यांनी वाचलं. मला वाटलं ओरडतील, किंवा असू द्या म्हणतील. दोन्हींपैकी काहीतरी मला हवं होतं, हे इथे कबूल करतो.

"इचारायचं व्हतं," ते म्हणाले. "मी हितंच ऱ्हातो, भिसेगावात."

माझ्या दवाखान्यापासून भिसेगाव चालत पंधरा मिनिटांवर आहे. मी पॅड बाजूला ठेवलं. त्यांनी माझ्याकडे परत बघितलं नाही. ते वहीकडे वळले, पानं मागे उलटत तिसऱ्या गाण्यावर आले आणि पोराला हाक मारली.

"प्रबुद्ध, ह्ये काय लिवलंस रं? बारा वरसं भोंगा? चौदा. चौदा वरसं व्हतो मी त्या पाळीला. आई सांगंल तुला."

प्रबुद्ध खिडकीपासून आला. त्याने माझ्या टेबलावरचं पेन उचललं, त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि बाराचं चौदा केलं. मग दोघं पुढची ओळ बघायला लागले, आणि मी बाहेर जाऊन पेशंटच्या बाकावर बसलो.